तीन वाजून चार मिनिटं आणि सुरेशचा ड्रम

मला असल्या गोष्टींचा कंटाळा आहे, हे आधीच सांगते. या सदरात लोक लिहितात ते मी जेवताना वाचते आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर सोडते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला विहिरीवरून हाक येते... मला आजवर हाका मारल्या त्या घरातल्यांनीच, आणि त्याही कामासाठी. मरोळच्या एका पंपाच्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. एकोणीस वर्षं झाली. आलेला माल मोजायचा, मापात असेल तर पास, नसेल तर परत. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते घाबरून लिहिलेलं नाही, मोजून लिहिलेलं आहे, एवढं धरून वाचा.

गोष्ट शहाऐंशी सालची, उन्हाळ्याच्या तोंडाची. आम्ही घाटकोपर पश्चिमेला चाळीत राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या. आई, मी, धाकटा भाऊ सुरेश, त्याची बायको कुंदा आणि त्यांची मुलगी. चाळीच्या मागे गिरणी. बाबा त्याच गिरणीत होते, त्यांच्यामागून सुरेश लागला. गिरणी बंद पडून तेव्हा तीन वर्षं झाली होती. गेटला कुलूप, आत गवत, आणि भोंगा कायमचा गप्प. गिरणी गेली आणि सुरेशकडे उरला तो ड्रमसेट. आधी तो हौस म्हणून गणपतीत वाजवायचा. नंतर पेडणेकरांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागला, आणि तेच त्याचं काम झालं. अडतिसाव्या वर्षी दुसरं काम कोण देतं? कुंदा साड्यांना फॉल लावायची, मी पगार आणायची. तरी सुरेश सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तालमीला निघायचा ना, त्यावर घर उभं होतं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी पेडणेकर स्वतः घरी आले. चहा घेतला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग मुद्द्यावर आले.

"सुरेश, तुझा हात झकास आहे यार. पण सेट? पत्र्याचा डबा वाजतोय. पब्लिक मागे बसलेलं असतं, त्याला नुसतं ढप-ढप ऐकू येतं."

"जुना आहे, पेडणेकर. काय करू?"

"ते तू बघ. मला एक जण रिदम मशीन देतोय. एवढीशी पेटी. जागा खात नाही, चहा मागत नाही." पेडणेकर हसले. सुरेश हसला नाही. "बघ, मी काय वाईट माणूस नाही. मुलुंडचा शो आहे पुढच्या महिन्यात, दुपारचा. त्यात आवाज सुधारलेला दिसला तर तू आहेस. नाहीतर पुढच्या शोपासून मशीन."

ते गेल्यावर सुरेश गॅलरीत जाऊन उभा राहिला. कुंदा कपबशा विसळत होती ती जोरजोरात विसळायला लागली. मी म्हटलं, "चल खाली. बघू तुझा डबा."

सेट ठेवलेला असायचा तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत. गणपतीचं मखर, सतरंज्या आणि लाउडस्पीकरचे कर्णे यांच्यामध्ये. मला संगीतातलं काही कळत नाही. पण मी बघितलं तर मला गंजलेले बोल्ट दिसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ड्रम म्हणजे लाकडाचा पिंप. त्यावर ताणलेलं कातडं – आता ते प्लास्टिकचं असतं, तरी वाजवणारे कातडंच म्हणतात – आणि ते दाबून धरणारी लोखंडी रिंग. रिंगेला चहूबाजूंनी बोल्ट. ते चौकोनी तोंडाच्या छोट्या चावीने आवळायचे की कातडं ताणलं जातं. यात मला न कळण्यासारखं काय आहे? पंपाचं झाकण असंच बसतं.

"बोल्ट कसे आवळतोस?" मी विचारलं.

"कसे म्हणजे? एकापासून सुरू करायचं, गोल फिरत यायचं."

"वाट लागली! अरे, समोरासमोरचे आवळायचे. एक हा, मग त्याच्या बरोबर समोरचा. नाहीतर झाकण एका बाजूला बसतं आणि गळतं."

"ताई, हा पंप नाहीये."

"म्हणूनच गळत नाही, नुसता ढप वाजतो."

पुढचे पंधरा दिवस मी कामावरून आल्यावर तेच करत होते. सकाळी पाचला उठायचं, डबे, पाणी, अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर उभ्याने बस, आठ तास माल मोजायचा, परत उभ्याने बस. आणि मग चहा घेऊन मंडळाच्या खोलीत बोल्टांना तेल लावत बसायचं. एका पिशवीत सगळ्या रिंगा घालून मी कारखान्यात नेल्या. आमच्याकडे सरफेस प्लेट असते. ओतीव लोखंडाचा जाडजूड ओटा, इतका सपाट की त्यावर ठेवलेल्या वस्तूचा वाकडेपणा लगेच कळतो. सहापैकी चार रिंगा वाकड्या निघाल्या. टूलरूमच्या कांबळेंनी त्या जेवणाच्या सुट्टीत सरळ करून दिल्या.

"सावंतबाई, हे कुठल्या पंपाचं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरातल्या."

घरी ड्रमच्या लाकडाची कड पॉलिश पेपरने घासून त्यावर मेणबत्ती फिरवली. बोल्ट आधी नुसते बोटांनी बसवले, मग समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा. सगळ्यांना मोजून सारखे फेरे दिले. मी खूश. सुरेशने प्रत्येक बोल्टजवळ एक-एक टिचकी मारून बघितली आणि हसायला लागला.

"ताई, आठ बोल्ट आहेत आणि आठ सूर आहेत."

"फेरे सारखे आहेत."

"फेरे सारखे असतील. आवाज नाही. माप कानाने घ्यायचं असतं गं."

मग तो कातड्याच्या मध्यावर बोट ठेवून कडेला टिचकी मारायचा, ऐकायचा, चावी किंचित फिरवायचा. परत टिचकी. एकेका ड्रमला तास-दीड तास. मला त्या टिचक्यांतला फरक पाचव्या-सहाव्या दिवसापासून ऐकू यायला लागला. साइड ड्रम झाला, छोटे दोन टॉम झाले, बेसच्या पोटात आईची जुनी गोधडी घातली तेव्हा तो ढप-ढपायचा थांबून धम् म्हणायला लागला. राहिला फ्लोअर टॉम. तीन पायांवर जमिनीवर उभा असतो तो मोठा. तो काही केल्या बोलत नव्हता.

"ह्याला सूर कुठला लावतात?" मी विचारलं.

"ज्याचा त्याचा. कोणी पेटीवर लावतो. माझ्याकडे कुठेय पेटी?" त्याने चावी एका बोल्टावर बसवली. मग म्हणाला, "भोंग्याला लावून बघू?"

"कुठल्या?"

"आपल्या गिरणीच्या. लहानपणापासून दिवसातून तीन वेळा ऐकलाय. दुसरा कुठला सूर मला एवढा पाठ आहे?"

मग तो घशातून भोंगा काढायला लागला – घूंऽऽऽ – आणि एकीकडे चावी फिरवायला. मी दार लावून घेतलं, चाळीतल्या लोकांना काय वाटेल म्हणून. अर्ध्या तासाने त्याने काठी उचलली आणि टॉमवर एकच ठोका दिला.

मला संगीतातलं कळत नाही हे मी वर लिहिलंच आहे. पण तो ठोका पोटात लागला. खोल, गोल, सावकाश विरणारा. सुरेशने दुसरा ठोका दिला नाही. नुसता बसून राहिला. म्हणाला, "आला, ताई." त्याचे डोळे बघून मी उठले आणि स्वयंपाकाला गेले.

निघण्याआधी मी एक काम केलं, सवयीने. आठही बोल्टांजवळ रिंग किती खाली बसली आहे ते व्हर्नियरच्या मापपट्टीने मोजून डायरीत लिहिलं.

पुढचा रविवार. दुपारी मी भांडी आवरत होते. आई खाटेवरून म्हणाली, "भोंगो झालो गो. चाय ठेव."

बाबा पहिल्या पाळीला असताना तीनच्या भोंग्याला ती चहाचं आधण ठेवायची. तिचं वय शहात्तर, कान अर्धे गेलेले. मी म्हटलं, "आई, गिरणी बंद झाली."

"माका काय येडी समजतंस? आत्ताच झालो."

मी घड्याळ बघितलं. तीन वाजून सहा मिनिटं. चहा ठेवला, विषय संपला. पण सोमवारी मी कामावरून आले तेव्हा कुंदाने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "ताई, आजपण आई तीनला चहा मागत होत्या. आणि... मंडळाच्या खोलीत हे नव्हते, बाहेरून कुलूप होतं, पण आत काहीतरी घुमत होतं. मी पाणी भरायला गेले होते."

"रस्त्यावरून ट्रक गेला असेल."

"अर्धा मिनिट ट्रक जातो का?"

मंगळवारी मी अर्धी रजा टाकली. नाटकं नकोत, एकदा बघून टाकू. पावणेतीनला खोली उघडली, दार-खिडक्या लावल्या आणि फ्लोअर टॉमवर चिमूटभर रवा पसरला. कातडं हललं तर रवा उडतो, साधी गोष्ट आहे. समोर स्टुलावर बसले, घड्याळ हातात घेऊन.

तीन वाजले. काही नाही. तीन वाजून दोन मिनिटं – काही नाही. मला माझंच हसू आलं. घरी कपड्यांचा ढीग पडला होता, आणि मी इथे रवा बघत बसले होते.

तीन वाजून चार मिनिटांनी रवा हलला.

आधी नुसता थरथरला. मग कडेकडून सरकत मध्ये एक गोल कडं झालं, आणि तेव्हा आवाज आला. अगदी बारीक, पण तोच. घूंऽऽऽ... चढला, थांबला, उतरला. एकतीस सेकंद. बाजूचे ड्रम गप्प. खिडकीची काच गप्प. माझ्या हातातलं घड्याळ सोडलं तर खोलीत दुसरं काही चालू नव्हतं.

अंगावर काटा वगैरे आला नाही. खरं सांगू? मला फार थकल्यासारखं झालं. म्हणजे आता हेही निस्तरायचं.

संध्याकाळी सुरेशला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तीन वाजून चारच. बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"आपला भोंगा चार मिनिटं उशिराच व्हायचा ना. बाबा म्हणायचे नाही का, चार मिनिटं फुकट राबवून घेतात म्हणून?"

हे मी विसरले होते. त्याने सांगितलं तेव्हा आठवलं.

मग मी रीतसर तपासायला घेतलं. कुंदा दुपारी, मी सकाळी. सकाळी सात वाजून चार मिनिटांनी घुमायचा, दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी घुमायचा. रात्री अकराचाही भोंगा असायचा, पण ते मी बघितलं नाही. मला पाचला उठायचं असतं. बुधवारी दोन्ही वेळा. गुरुवारी सकाळी नाही, दुपारीही नाही. शुक्रवारी परत सुरू. गुरुवारी गिरणीला सुट्टी असायची.

चाळीचा पाण्याचा पंप बंद करून बघितला. ड्रम एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेला, खाली सतरंजी घातली. एक बोल्ट पाव फेरा सैल केला, तर घुमणं बंद. पण मग आवाजही मेला, परत तोच डबा. परत मापावर आणला, घुमणं सुरू. म्हणजे ड्रम त्या एका सुराला ओ देत होता, इथपर्यंत मला पटलं. दोन वस्तू एका सुरात असल्या की एक वाजल्यावर दुसरी हलते, हे शाळेतलं विज्ञान आहे. पण पहिली वस्तू कुठे होती? शुक्रवारी मी स्वतः गिरणीच्या गेटवर जाऊन आले. वॉचमन म्हणाला, "बॉयलर काढून नेला बाई, भोंगा कसला वाजवताय? त्याची नळीपण भंगारात गेली."

शनिवारी मी फ्लोअर टॉम रिक्षात घालून मरोळला नेला. गेटवरच्या पठाणाला सांगितलं, इन्स्पेक्शनसाठी आलाय. खोटं नव्हतं.

आमच्याकडे तीनला दहा मिनिटं चहाची सुट्टी होते आणि मशीनं बंद होतात. ड्रम मी सरफेस प्लेटवर ठेवला. तो ओटा इतका जड आहे की शेजारी प्रेस चालू असला तरी त्यावर ठेवलेल्या मापयंत्राचा काटा हलत नाही. घाटकोपर तिथून पाच-सहा किलोमीटर. कांबळे चहाचा ग्लास घेऊन आले.

"सावंतबाई, आज काय, बॅन्ड?"

"कांबळे, कॉम्प्रेसर पाच मिनिटं बंद करता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता बंद करून आले. मी रवा पसरला. आम्ही दोघं ओट्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो. कांबळेंनी एकदा फुर्र करून चहा प्यायला, तेवढाच आवाज.

तीन वाजून चार. रवा सरकला, गोल कडं झालं. घूंऽऽऽ...

कांबळेंनी ग्लास खाली ठेवला. दोन्ही तळवे ओट्यावर टेकवले, मग वाकून कान लावला. "ओटा थंड आहे," ते म्हणाले. "ओट्यातनं काही येत नाहीये बाई. हे आपलं आपणच चाललंय."

थांबल्यावर त्यांनी रवा हाताने गोळा केला, कागदात बांधला आणि मला दिला. "रिपोर्टात काय लिहिणार?"

"काही नाही."

"बरोबर," म्हणाले. "माप नाही तर रिपोर्ट नाही." कांबळे बाबासाहेबांचा फोटो घरात लावणारा माणूस, देवळाची पायरी न चढणारा. त्यांनी परत कधी हा विषय काढला नाही. मी काढला तर म्हणतात, "मी चहा पीत होतो."

आता मुलुंडचं. शो रविवारी, अडीचला सुरू. पेडणेकरांनी कार्यक्रमाचा कागद पाठवला होता. आधी स्तवन, मग दोन जलद गाणी, आणि चौथं एक संथ द्वंद्वगीत. मी हिशेब केला. पडदा दहा मिनिटं उशिरा जाणार धरलं तरी तीन वाजून चार मिनिटांनी ते संथ गाणं चालू असणार. आणि फ्लोअर टॉमच्या कातड्याला माइक जवळजवळ चिकटवलेला असतो. मंडळाच्या खोलीत जो आवाज दाराबाहेर जेमतेम जायचा, तो मुलुंडच्या हॉलमध्ये स्पीकरमधून सातशे माणसांना ऐकू जाणार... एकतीस सेकंद.

शनिवारी जेवताना मी सुरेशला म्हटलं, "उद्यापुरता सैल कर."

"नाही."

"सुऱ्या, गाण्याच्या मध्ये भोंगा वाजला तर पेडणेकर तिथल्या तिथे घालवेल तुला."

"आणि सैल केला तर डबा वाजेल, मग कोण ठेवणार आहे? ताई, हाच आवाज त्याला हवाय. वीस वर्षांत माझ्या हातातनं असा आवाज आला नव्हता."

"आणि घुमला तर?"

"घुमू दे. गाण्यातच बसेल तो. मी त्याच्यावर ठोका धरीन." तो हसत होता. "तू नको टेन्शन घेऊ गं. तू फक्त पुढे बसून ऐक."

आई मध्येच म्हणाली, "त्येका जेवूंक दी."

रविवारी दीडलाच आम्ही मुलुंडला पोचलो. स्टेजवर सेट मांडला. चावी मीच आणली होती, माझ्या पर्समध्ये. पेडणेकर येऊन गेले, सुरेशने दोन ठोके दिले. पेडणेकरांच्या भुवया वर गेल्या. "काय केलंस रे ह्याला?" एवढं म्हणून ते माइकवाल्याकडे वळले. सुरेश माझ्याकडे बघून नुसता हसला आणि बाकीच्यांबरोबर चहाला गेला.

स्टेजवर मी एकटी. पडदा बंद, पलीकडून खुर्च्यांचे आवाज. सव्वादोन झाले होते. मी विचार केला, आणि माझा विचार मला तेव्हा अगदी बरोबर वाटला. पेडणेकरांनी आवाज ऐकलाय, भुवया वर गेल्यात, ते काम झालं. आता धोका आहे तो फक्त एकाच गोष्टीचा. आणि धोका दिसत असताना माल पुढे पाठवायचा नाही, हे मी एकोणीस वर्षं करत आले आहे. मी चावी काढली आणि समोरासमोरचे दोन बोल्ट पाव-पाव फेरा सैल केले. चावी पर्समध्ये टाकली, खाली गेले आणि तिसऱ्या रांगेत बसले.

पडदा वर गेला. स्तवनात फ्लोअर टॉम नव्हता. पहिल्या गाण्यात आला. ढप.

मी सुरेशकडे बघत होते. त्याचा चेहरा बदलला नाही. त्याने फक्त खिसे चाचपले, एक, दुसरा, शर्टाचा. मग विंगेत बघितलं. मग मान वर करून सरळ तिसऱ्या रांगेत, माझ्याकडे. गाणं चालू होतं, हात थांबवता येत नव्हते. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. उठून विंगेतून चावी देता आली असती का? आली असती. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलत होता, तेवढ्या वेळात त्याचं झालं असतं. पण मी घड्याळ बघत होते.

संथ गाणं लागलं. तीन वाजून चार मिनिटं झाली, पाच झाली. काहीही घुमलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला, हे लिहायला लाज वाटते, पण टाकला. गाण्यात टॉमचे मोजके ठोके होते, आणि प्रत्येक ठोका डब्यावर मारल्यासारखा.

शो संपल्यावर पेडणेकर आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सुरेश, दुपारी दोन ठोक्यांना मला वाटलं, चला, जमलं. पण शोमध्ये तेच रे. एकदा येतो, एकदा जातो, असा आवाज मला नाही चालत." सुरेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. पुढच्या शोला मशीन होतं.

टेम्पोत सामान चढवून आम्ही मागे बसलो. भांडुप गेलं. मग म्हणाला, "किती सैल केलास?"

"पाव. दोन बोल्ट."

"हं."

"तुला पहिल्या ठोक्यालाच कळलं?"

"ताई, तुला पाव फेरा कळतो. मला नाही कळणार?"

"मी तुझ्या भल्यासाठी –"

"माहितीये." तो बाहेर बघत होता. "वाजला असता तर वाजला असता गं. माझा गेला असता शो. आता गेला तो कोणाचा गेला?"

 

दुसऱ्या दिवशी मी डायरी काढली. आठही बोल्ट त्यात लिहिलेल्या मापावर आणले. मापात केसाचाही फरक नाही, तीनदा तपासलं. सुरेशला टिचकी मारायला लावली. त्याने मारली आणि म्हणाला, "सूर तोच आहे." आवाजही तोच, खोल आणि गोल. रवा पसरला. सकाळी सात वाजून चार – काही नाही. दुपारी तीन वाजून चार – काही नाही. आठवडाभर बघितलं. पुन्हा कातडं हललं नाही, आजपर्यंत नाही. आईनेही तीनचा चहा मागणं सोडलं. आता पाच वाजता घेते, सगळ्यांबरोबर.

मी काही लोकांना विचारलं. एका कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सरांनी कागदावर आकृती काढून दाखवली आणि शेवटी म्हणाले, पण मग गुरुवारचं काय? चाळीतल्या एका बाईंनी बाबांचं काही दिवसकार्य राहिलं आहे का, असं विचारलं. राहिलेलं काही नाही, सगळं यथासांग केलेलं आहे. मला दोन गोष्टी समजत नाहीत. तो का घुमत होता, ही एक. आणि माप तेच, सूर तोच असताना थांबला का, ही दुसरी. पहिलीपेक्षा दुसरी मला जास्त छळते. कुणाला खरोखर माहीत असेल तर लिहावं. तोडगे, उतारे, गंडे-दोरे कृपा करून लिहू नयेत, मला वेळ नाही.

सुरेश आता साकीनाक्याला एका ठिकाणी पॅकिंगमध्ये आहे. इस्त्रीचा शर्ट घालावा लागत नाही. माझ्याशी तो नीट वागतो, बसचा पास विसरले तर धावत आणून देतो. गेल्या आठवड्यात त्याच्या एका जुन्या मित्राने निरोप पाठवला. मनोरीला लग्न आहे, रविवारी सकाळी, बॅन्डचा ड्रमवाला आजारी पडलाय, येशील का? सुरेशने लगेच हो म्हटलं. चार दिवस मंडळाच्या खोलीत टिचक्या चालू होत्या. शनिवारी मी म्हटलं, "मार्व्याला मनोरीच्या होडीत एवढं सामान चढवायला हात कोण लावील? मी येते. एक रविवार तर आहे."

तो साइड ड्रम आवळत होता, मान वर केली नाही.

"ताई, या वेळी तू नको येऊस. वाईट वाटून घेऊ नको हां."

"नाही वाटत," मी म्हटलं.

सकाळी सहाला तो टेम्पोत सामान टाकून गेला. मी गेले नाही. कुंदा आणि मुलगी गेल्या. आईला आंघोळ घातली, भाजी निवडली, आणि मग इतके दिवस लिहीन-लिहीन म्हणत होते ते हे लिहायला बसले. आता साडेअकरा झालेत. तिकडे वाजवायला सुरुवात झाली असेल.